चिंच, सरकी आणि दवाखान्याची टाकी

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत मागच्या बाजूला एक संडास होता आणि माझी नोकरी त्या संडासावर टिकून होती. हे वाक्य मी चारचौघांत कधी बोलले नाही. पण खरं ते खरं, आणि आता या वयात लाजायचं तरी कोणाला?

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सगळीकडे नव्या पाट्या, नवे शिक्के, नव्या योजना. त्या धांदलीत परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं भेट दिलेली एक लांबलचक पांढरी गाडी बुलढाण्याला येऊन पोचली. आत तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, बसायला बाक आणि अगदी मागे पत्र्याच्या दाराची एक खोली. खोली कसली, कणगीएवढी जागा. आत पांढरं भांडं आणि पायानं दाबायची पट्टी. पट्टी दाबली की भांड्याचा तळ उघडायचा आणि सगळं खाली गाडीच्या पोटातल्या लोखंडी टाकीत जाऊन पडायचं. टाकीला खालून एक रुंद तोंड होतं आणि ते उघडायला बाहेरून एक दांडा. परदेशात म्हणे लोक असल्या गाड्यांत चूल, खाट सगळं भरून महिनोन् महिने हिंडतात. ही माहिती आमच्या ड्रायव्हरनं कुठून आणली देव जाणे. पण घर मागे ठेवायचं आणि संडास बरोबर घेऊन फिरायचं, हे ऐकून आमच्या दाईबाईंनी त्या लोकांची मनापासून कीव केली होती.

गाडीवर आम्ही चौघं. डॉक्टरबाई पुण्याच्या, शिस्तीच्या, बोलणं तोलूनमापून. ड्रायव्हर केसांना तेल आणि गप्पांना मीठमसाला, दोन्ही सढळ हातानं लावणारा. दाईबाई धिप्पाड, पन्नाशीच्या पुढच्या, अर्ध्या जिल्ह्याची बाळंतपणं केलेल्या आणि त्या हक्कानं अर्ध्या जिल्ह्याला अरेतुरे करणाऱ्या. आणि मी नर्स, वीस-बावीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली.

माझं माहेर धाडचं. गावाच्या कडेला बाबांचा मळा होता. वांगी, मेथी, मिरच्या आणि कोथिंबीर, जिला आम्ही सांबार म्हणतो. बाबांनी मला शिकवलं, नर्सिंगला पाठवलं आणि नंतर त्याचा त्यांना जरा पस्तावाही झाला असावा, कारण माझी पहिलीच नेमणूक पडली ती पार संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात. तिथे संडास म्हणजे गावाबाहेरचं रान. बायकांनी जायचं ते पहाटे अंधारात, नाहीतर दिवेलागणीनंतर. गावच्या बायका निदान घोळक्यानं जायच्या. मी परगावची, पांढऱ्या साडीतली. मी रस्त्याला लागले की पारावरची सगळी तोंडं माझ्या दिशेला वळायची. मग दिवसभर पाणीच प्यायचं नाही, असा उपाय मी शोधून काढला. नर्स असून! व्हायचं तेच झालं. लघवीला आग, अंगात ताप, आणि एक दिवस बाबा येऊन मला एसटीत घालून घरी घेऊन गेले.

घरी ठरलं, नोकरी पुरे. वडनेर भोलजीचं एक स्थळ तयारच होतं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या आईनं आधीच सांगून ठेवलं होतं की सून घराबाहेर पाऊल टाकणार नाही. मी नुसतं ऐकूनच फणकारले. तेवढ्यात फिरत्या दवाखान्याची ऑर्डर आली आणि बाबा गाडी बघायला स्वतः बुलढाण्याला आले. डॉक्टरबाईंनी त्यांना कौतुकानं औषधांची कपाटं दाखवली, टेबल दाखवलं. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मागच्या खोलीत शिरले, आतून कडी लावली, बाहेर येऊन पत्र्याला कुठे भोक आहे का ते बोटानं चाचपलं आणि मग डॉक्टरबाईंना हात जोडून म्हणाले, "हे खोली हाय तोवर पोरगी तुमची. ज्या दिवशी खोली बंद, त्या दिवशी पोरगी माही."

बाबा बोलले की बोलले. दर आठवड्याला धाडच्या बाजाराच्या दिवशी आमची गाडी तिथे उभी राहायची. भाजी विकून झाली की बाबा गाडीपाशी येणार, मला बरी आहेस का म्हणून विचारणार आणि मागची खोली उघडून बघणार. माझ्या तब्येतीची चौकशी थोडक्यात व्हायची, खोलीची सविस्तर.

टाकी रिकामी करायचं काम सोपं होतं. बुलढाण्याला परत आलो की गाडी गावाबाहेरच्या खताच्या डेपोवर न्यायची, ड्रायव्हरनं नाकाला रुमाल लावून पायानं दांडा ओढायचा, वरून भांड्यात चार बादल्या पाणी ओतायचं की झालं. कोणाला हात लावायची गरजच नव्हती. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात टाकीत टाकायच्या कसल्याशा निळ्या औषधाचं चित्र होतं. ते औषध काही गाडीबरोबर आलं नाही. मग डॉक्टरबाईंनी फिनेल आणलं आणि तिथून दाईबाईंचं राज्य सुरू झालं.

दाईबाईंना फिनेलचा तिटकारा. त्यांचा विश्वास राखेवर. भांडी राखेनं, हात राखेनं, दात राखेनं. कडधान्याला कीड लागू नये म्हणून राख, वेलावरची कीड मारायला राख. मांजरसुद्धा आपलं झाकून जातं, मग माणसानं झाकू नये का, असा त्यांचा सवाल होता. खोलीत त्यांनी राखेचा डबा ठेवला. जो जाईल त्यानं वरून दोन ओंजळी राख टाकायची. डबा संपला की ज्या गावात असू त्या गावच्या चुलीतून भरून यायचा. आणि खरं सांगायचं तर खोलीला काडीइतकाही वास येत नसे. वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा डॉक्टरबाईंनी हा राखेचा उपाय त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितला. दाईबाई त्यानंतर दोन दिवस पदर नीट घेऊन फिरत होत्या.

चुलीतली राख उकिरड्यावर जाते, उकिरड्यावरची शेतात जाते, शेतात मातीत मिसळून जाते. आम्ही सगळी शेतकऱ्यांच्या घरची. राख कुठे साठून बसू शकते, हे आमच्या डोक्यातच कधी आलं नाही. लोखंडी टाकीत, ओलाव्यात, वर उन्हाळ्याच्या भट्टीत ती काय करत असेल याचा विचार कोण करतो!

ती काय करत होती ते एका दुपारी डेपोवर कळलं. दुसऱ्या दिवशी धाडचा बाजार होता. ड्रायव्हरनं दांडा पायानं ओढला. दांडा बोटभर सरकला आणि थांबला. लाथ मारली, तरी हलेना. टाकीच्या तोंडातून करकोच्याच्या चोचीएवढी पाण्याची धार लागली आणि तीही आटली. वर भांड्याची पट्टी दाबून बघितली तर आतून गुडगुड असा आवाज आला आणि जे खाली जायला हवं ते वर येऊ लागलं. ड्रायव्हरनं खालून काठी घातली. काठीच्या टोकाला निघाला तो चक्क गिलावा. करडा, घट्ट, घराला लावावा असा.

ड्रायव्हर ती काठी नाचवत डॉक्टरबाईंकडे आला. दाईबाईंनी आत जमीन तर करून टाकली, आता भिंती कधी घालता, असं त्यानं विचारलं. दाईबाई काय ऐकून घेणार? रोज केसांना चोपडतोस त्यातलं थेंबभर तेल दांड्याला घातलं असतंस तर ही वेळ आली नसती, असं त्यांनी सुनावलं. दोघांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच भांडण बराच वेळ चाललं. डेपोवरच्या माणसानं खाली वाकून बघितलं, मान हलवली आणि सांगितलं की त्याचं स्वतःचं नगरपालिकेचं काम आधी, आमची टाकी बाजार उलटून गेल्यावर बघू. वर्षभर गावाची घाण उपसणाऱ्या माणसाला मी तरी कोणत्या तोंडानं घाई करू?

डॉक्टरबाई म्हणाल्या, खोलीला कुलूप लावा. ज्या गाडीत बाळंतिणी तपासायच्या तिथे टाकी उलटून वर आलेली चालणार नाही. आपण तिघी पूर्वी काढत होतो तसे दिवस काढू. त्या पूर्वीच्या दिवसांत त्यांनीही पाणी पिणं सोडलेलंच होतं, हे मला माहीत होतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. रास्त म्हणण्यावर जास्त चिडता येतं, कारण ते खोडता येत नाही. उद्या बाबा येणार, कुलूप बघणार, आणि परवापासून मी वडनेर भोलजीच्या कोणाच्या तरी अंगणात रांगोळी घालणार. मी डॉक्टरबाईंकडे एकच मागितलं, धाडला पोचेपर्यंतचा वेळ. त्या म्हणाल्या, तोवर प्रयत्न करा, नाही निघालं तर कुलूप.

संध्याकाळी क्वार्टरच्या मागे दाईबाई गाल फुगवून बसल्या होत्या. बाजारातून तेल आणायची बाटली धुणं चाललं होतं. अरुंद गळ्याच्या बाटलीत हात जात नाही, तेव्हा आपल्याकडे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आत कढत पाणी, चिंचेचा कोळ, मूठभर वाळू घालायची, तोंडावर अंगठा दाबायचा आणि हलवत सुटायचं. दाईबाई रागात होत्या म्हणून बाटली जास्तच जोरात हलत होती. मी बघत उभी राहिले. टाकीचंही दुखणं तेच. तोंड आहे पण आत हात जात नाही. फक्त एवढ्या मोठ्या बाटलीला हलवणार कोण?

हलवणारा होता. बुलढाणा ते धाड रस्ता.

मी धावत जाऊन ड्रायव्हरला तिथेच घेऊन आले. त्यानं जन्मात पहिल्यांदा माझं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग त्यानं शंका काढली की वाळू घातली तर ती राखेत बसून आणखी घट्ट होईल, वर वाळूचा बंगला होईल. शंका बरोबर होती. दाईबाईंनी बाटली खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलल्या. वाळू नको, कपाशीची सरकी घाला. सरकी हलकी, अंगाला लव, घासते पण बसत नाही, आणि तोंड उघडलं की पाण्याबरोबर निघून जाते. शेजारी म्हैस होती, तिच्यासाठी सरकी भरून ठेवलेली होती. मी टोपलंभर मागून आणली. कशाला हवी ते सांगताना मी आवाज जरा खाली घेतला.

सकाळी बंब पेटवला. कढत पाणी, वर्षाच्या साठवणीतल्या चिंचेचा कोळ आणि टोपलंभर सरकी हे सगळं क्रमानं त्या पांढऱ्या भांड्यातून खाली गेलं. चिंच राखेला लागताच आतून फसफस सुरू झाली. ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला की आता फक्त मोहरीची फोडणी राहिली. डॉक्टरबाई आल्या, आमच्याकडे, मग भांड्याकडे, मग पुन्हा आमच्याकडे बघितलं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

एरवी आमचा ड्रायव्हर खड्डे चुकवण्यात पटाईत होता. त्या दिवशी त्यानं एकही सोडला नाही. रस्त्याच्या डावीकडे खड्डा दिसला की गाडी डावीकडे, उजवीकडे दिसला की उजवीकडे. मधूनच वेग वाढवायचा आणि करकचून ब्रेक दाबायचा. समोरून येणारे गाडीवान बैल आवरून आमच्याकडे बघत राहायचे. मागे दाईबाई खोलीत भांड्याच्या झाकणावर पोतं टाकून, स्वतःचं सगळं वजन देऊन बसल्या होत्या, कारण गाडी उसळली की झाकणही उसळायचं. दाराला धरून मी उभी. पायाखालून टाकीचा आवाज येत होता, खळ्ळ, खळ्ळ, धप्. दर वेळी धप् झालं की दाईबाई आतून ओरडून सांगायच्या, एक खपली सुटली. मला त्यांच्यावर हसू येत होतं, पण धाडही जवळ येत होतं.

धाडच्या अलीकडे ओढ्यापाशी गाडी थांबवली. ड्रायव्हर खाली घुसला. दांडा अर्ध्यावर आला! करडं पाणी, सरकी, चिंचोके असं भसाभस खाली पडलं आणि थांबलं. आतली एक मोठी खपली बरोबर तोंडावर आडवी येऊन बसली होती. आता काठीचं काम राहिलं नव्हतं. कोणीतरी हात घालायला हवा होता. ड्रायव्हरनं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि आपण ड्रायव्हर असल्याची आठवण सगळ्यांना करून दिली. दाईबाई गाडीखाली मावत नव्हत्या. मी पदर खोचून खाली वाकले तर डॉक्टरबाईंनी माझा दंड धरला. बाजारात पेशंट थांबलेत, त्याच हातांनी तुला सुया टोचायच्या आहेत, म्हणाल्या. दांडा परत लोटला. खोलीला कुलूप लागलं.

बाबा नेहमीच्या वेळेला आले. मी त्यांना आधी बाकावर बसवलं, चहा मागवला, वांग्याचा भाव विचारला, मिरचीवरचा चुरडा-मुरडा रोग विचारला, शेवटी बैलाच्या खांद्याची सूजसुद्धा विचारली. बाबांनी सगळ्याची उत्तरं दिली, चहा संपवला आणि उठून मागे गेले.

कुलूप बघून त्यांनी मला काही विचारलं नाही. डॉक्टरबाईंना विचारलं. डॉक्टरबाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी राखेपासून सरकीपर्यंत सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, खांद्यावरचा गमछा झटकला आणि माझ्याकडे न बघता बाजारातून निघून गेले.

मला रडू आलं नाही, राग आला. बाबांचा आला, दाईबाईंचा आला, ज्यांनी गाडी पाठवली आणि निळं औषध पाठवलं नाही त्या देशाचा आला. त्या दिवशी मी इंजेक्शनं दिली ती कशी दिली असतील कोण जाणे. एक पैलवानासारखा माणूस दंड चोळत म्हणाला, बाई, सुई होती का खिळा. बाबा घरी बैलगाडी जुंपायला गेले असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मीही ठरवून टाकलं. गाडीत बसणार नाही. ओढून न्यायचं तर न्या, बाजार बघू दे.

बाजार विरळ झाला तेव्हा बाबा परत आले. चालत. हातात खुरपं आणि एक रिकामं पोतं. ड्रायव्हरला म्हणाले, गाडी मळ्यात घे. मी दारातच उभी राहिले आणि सांगून टाकलं, "मी घरी येनार नाही."

"गाडी आन म्हनलं," बाबा म्हणाले. "तुले कोन म्हनलं?"

मळ्याच्या कडेला, मेथीच्या वाफ्यांपासून बराच लांब, त्यांनी एक चर खणून ठेवला होता. गाडीच्या टाकीच्या तोंडाखाली बरोबर येईल एवढा लांब. गेला सगळा वेळ ते हे करत होते. गाडी चरावर उभी केली. बाबांनी सदरा काढून बाभळीला अडकवला, गमछा नाकातोंडाला बांधला, जमिनीवर पोतं पसरलं आणि खुरपं घेऊन गाडीखाली घुसू लागले. ड्रायव्हर कासावीस झाला. एखादा माणूस बोलावू, तुम्ही कशाले, म्हणू लागला.

"कोनाले बोलावू?" बाबा म्हणाले. "ज्याची पोरगी त्यानं."

तोवर शेजारच्या मळ्यांतली मंडळी कुंपणाशी जमली होती. गावात आमचं घर खाऊनपिऊन सुखी, चार लोकांत मान असलेलं. अशा घरच्या कर्त्या माणसानं संडासाच्या टाकीला हात लावायचा, ही गोष्ट गाव वर्षभर चघळणार होतं. भावकीतले एक म्हातारे, बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाले की आता याच्या घरचं पाणी चालायचं नाही. गाडीखालून आवाज आला, "मेथी चालते नं माही? सोनखताचीच हाय." सोनखत, म्हणजे मैल्याचं खत, कोण वापरत नव्हतं? फक्त ते बाजारात कोणी सांगत नसे. म्हातारे नुसते खोकले.

खालून खुरप्याचा खरखर आवाज येत राहिला. मग कौलाएवढे करडे तुकडे एकेक करून चरात पडू लागले. मध्येच बाबा थांबून श्वास घ्यायला बाहेर तोंड काढायचे आणि परत आत जायचे. शेवटी ते एकदम बाजूला लोळले आणि सगळ्यांना सरका म्हणाले. दांडा पूर्ण आला. त्यानंतर जे काही चरात आलं त्याचं वर्णन मी करत नाही. दाईबाईंनी मात्र हात जोडले होते, एखादी अवघड बाळंतीण सुटल्यावर जोडायच्या तसे.

मग बाबांनी विहिरीवरचं ऑइल इंजिन सुरू केलं आणि त्याचा पाइप गाडीच्या खिडकीतून आत, भांड्यात सोडला. आमच्या चार बादल्या कुठे आणि इंजिनाचं पाणी कुठे! टाकीत पाण्याचा नुसता धबधबा चालला होता. ड्रायव्हरला आता राहवेना. तेही महाशय तेल लावलेल्या केसांनिशी गाडीखाली गेले, दांडा लोटायचा, टाकी भरू द्यायची, परत ओढायचा, असं करत राहिले. आधी करडं, मग गढूळ, मग थोडी सरकी, एखादा चिंचोका, आणि शेवटी विहिरीतून निघालं होतं तसंच स्वच्छ पाणी टाकीतून बाहेर आलं. बाबांनी दांड्याच्या सांध्याला इंजिनाचं ग्रीस चोपडलं आणि वर चरात माती ओढली. पेरणीआधी सरकी शेणमातीत घोळून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. आमच्या सरकीला त्याहून जास्तच लाभलं होतं. त्या पावसाळ्यात त्या चरावर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, अशी रांग उठली की भावकीतले तेच म्हातारे बियाणं मागायला आले.

पण ते पुढचं. त्या दुपारी आई घरून कढत पाण्याची घागर आणि साबण घेऊन आली, बाबांच्या आंघोळीसाठी. माझी आई फार बोलणारी नव्हती. बाबांनी काय केलं ते तिला वाटेतच कोणीतरी सांगितलं असणार. बाबा आंघोळीला गेले. ती गाडीपाशी उभी राहिली. आत कधी आलीच नव्हती. दर बाजाराला बाबा यायचे, ती घरी असायची.

तिनं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "आमच्यासारखीनं गेलं तं चालते का?"

मी म्हटलं, चालते, माय. पट्टी कशी दाबायची ते सांगितलं. ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं. अंधाराच्या आत बुलढाण्याला पोचायचं होतं. ड्रायव्हरनं अंग पुसलं, केस विंचरले, गाडी सुरू केली. बाबा आंघोळ करून आले, सदरा घातला. आई अजून आत होती. मला वाटलं, कडी अडकली असेल, किंवा तिला भोवळ आली असेल. मी दार वाजवायला हात उचलला. बाबांनी माझा हात धरला.

"बसू दे तिले," ते म्हणाले. "जलमभर अंधाराचीच वाट पाह्यली तिनं. मले कधी दिसलंच नाही."

मी बाबांकडे बघितलं. ते गाडीकडे बघत नव्हते, मळ्याकडे बघत होते. दिवस अजून होता, ऊन लख्ख पडलं होतं, आणि माझी आई एका बंद दाराआड एकटी, निवांत बसली होती. ड्रायव्हरनं हात पुढे करून गाडी बंद केली. डॉक्टरबाई बांधावर येऊन बसल्या, त्यांच्या शेजारी दाईबाई, मग मी, मग बाबा. कोणालाच कसली घाई उरली नव्हती.